गल्ल्यावरचा हिशेब आणि दुकानाची पत

आपल्या उज्जयिनी नगरीत गेल्या काही वर्षांत बाहेरगावच्या गिऱ्हाइकांची वर्दळ किती वाढली आहे, हे व्यापारी बांधवांस निराळे सांगावयास नको. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘महाकाल लोक’चे उद्घाटन झाल्यापासून दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंचा ओघ वर्षभर वाहता राहिला आहे. महाराष्ट्रातून येणारी मंडळी दर्शन आटोपले की गोपाळ मंदिराच्या परिसरात, पटनी बाजारात, सराफ्यात फिरतात आणि घरी नेण्यासाठी काही ना काही खरेदी करतात. २०२८ चा सिंहस्थही आता दूर नाही. अशा वेळी आपल्या दुकानांविषयी गिऱ्हाइकाच्या मनात कोणती भावना राहते, याचा विचार संघटनेच्या या स्मरणिकेत करणे अप्रस्तुत होणार नाही.

गिऱ्हाइकांच्या तक्रारी नीट कान देऊन ऐकल्या, तर त्यांतील पुष्कळशा मालाविषयी नसतात, भावाविषयीही नसतात. माल पसंत पडतो, भाव पटतो, बोलणेही गोड असते. परंतु पैसे देण्याची वेळ आली की गाडे अडते. गल्ल्यावर बसलेल्या मुलाला साधी बेरीज-वजाबाकी जमत नाही, शेकड्याचा हिशेब सांगता येत नाही, आणि पाठीमागे दहा माणसे खोळंबतात. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र ती क्षुल्लक नाही. व्यापाऱ्याच्या पतीशी तिचा निकटचा संबंध आहे.

रोजच्या व्यवहारातील काही उदाहरणे पाहू. एकशे अडुसष्ट रुपयांची खरेदी झाली. गिऱ्हाइकाने दोनशेची नोट दिली. मुलाने यंत्रात आकडा टाकला आणि यंत्राने बत्तीस रुपये परत देण्यास सांगितले. इतक्यात गिऱ्हाईक म्हणते, “दादा, हे आठ रुपये सुटे घ्या आणि मला चाळीस द्या.” येथे मुलगा गोंधळतो. तो यंत्राकडे पाहतो, नाण्यांकडे पाहतो आणि अखेरीस आठ रुपये परत करून बत्तीस मोजू लागतो. वास्तविक गिऱ्हाइकाने त्याची सोयच केली होती, कारण सुट्या पैशांची टंचाई दुकानदारालाच अधिक भासते. ती सोय न समजल्यामुळे दोघांचीही अडचण झाली. त्यातही पुढे “सुटे नाहीत, दोन गोळ्या घ्या” असे ऐकावे लागले, तर गिऱ्हाइकाच्या मनाला ते लागणारच.

दुसरे उदाहरण कापडाच्या दुकानातले. भाव दोनशे चाळीस रुपये मीटर, आणि कापड हवे पावणेतीन मीटर. तिसाच्या आतल्या अनेक विक्रेत्यांना पावणेतीन म्हणजे नेमके किती, हेच ठाऊक नसते. कोणी ते सव्वातीन समजतो आणि सहाशे साठच्या ठिकाणी सातशे ऐंशी रुपये सांगतो. यंत्रात चूक नसते, गुणाकारही बरोबर असतो. चूक असते ती यंत्रात घातलेल्या आकड्यात. एकशेवीस रुपये अधिक सांगितले म्हणून गिऱ्हाईक संतापते आणि तो मुलगा प्रामाणिकपणे यंत्राचा पडदा दाखवीत राहतो! ज्याला पाव-सव्वाचे वळण आहे, तो मात्र तीन मीटरचे सातशे वीस धरतो, पाव मीटरचे साठ वजा करतो आणि सहाशे साठ हा आकडा क्षणात सांगून मोकळा होतो.

तिसरे उदाहरण सुटीचे. दुकानावर पाटी लागते की वीस टक्के सूट, आणि त्यावर आणखी दहा टक्के. गिऱ्हाईक तीस टक्के धरते. विक्रेताही तोंडाने तीसच म्हणतो. हजार रुपयांच्या वस्तूचे सातशे होतील अशा अपेक्षेने गिऱ्हाईक गल्ल्याशी येते, आणि पावतीवर सातशेवीस उमटतात. दुसरी सूट उरलेल्या आठशेवर मिळते, म्हणून एकूण सूट अठ्ठावीस टक्के होते, एवढे सांगणारे तेथे कोणी नसते. वीस रुपयांसाठी फसवणुकीचा संशय घेऊन गिऱ्हाईक निघून जाते.

आपल्या नगरीत याला भाषेची आणखी एक गुंतागुंत आहे. एकोणऐंशीला हिंदीत उन्यासी म्हणतात आणि एकोणनव्वदला नवासी. महाराष्ट्रातले गिऱ्हाईक ‘नवासी’ ऐकून नव्वदीच्या पुढचा आकडा समजते. आणि ‘एकोणऐंशी’ हा शब्द तर आपल्याच मराठी घरांतील मुलांनाही हल्ली इंग्रजीत समजावून सांगावा लागतो. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा रीतीने वाचण्याची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद माजला होता! भाषेच्या अभिमानाचा प्रश्न बाजूला ठेवून पाहिले, तर गल्ल्यावर आकडा दोन्ही रीतींनी सांगणे, म्हणजे ‘एकोणऐंशी, सत्तर आणि नऊ’ असे म्हणणे, गैरसमज टाळण्यास उपयोगीच ठरते.

येथे न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की हिशेबाचा कच्चेपणा काही गल्ल्याच्या एकाच बाजूस नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. हजारांहून अधिक आणि अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवरचा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. तेव्हा पुष्कळ गिऱ्हाइकांनी सरळ हिशेब मांडला की सात टक्के कमी झाले, म्हणून छापील किमतीतून सात टक्के वजा व्हावेत. आता ज्या सदऱ्याची मूळ किंमत पंधराशे होती, तो बारा टक्के करासह सोळाशे ऐंशीला मिळत असे. पाच टक्के करासह तो पंधराशे पंचाहत्तरला मिळेल, म्हणजे एकशेपाच रुपये कमी होतील. सोळाशे ऐंशीचे सात टक्के काढले, तर ते एकशेसतरा रुपये साठ पैसे भरतात. कर मूळ किमतीवर असतो, करासह झालेल्या किमतीवर नसतो, एवढाच हा भेद आहे. परंतु तो दोन वाक्यांत समजावून देणारा माणूस दुकानात नसेल, तर त्या बारा रुपये साठ पैशांसाठी गिऱ्हाईक दुकानदारालाच लबाड ठरविते. हिशेब बरोबर असूनही केवळ तो सांगता न आल्यामुळे बट्टा लागावा, याहून दुर्दैव ते कोणते?

ही स्थिती का आली? आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या काळी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै असत. मणाचे चाळीस शेर असत. अशा अवघड कोष्टकांत हिशेब करावयाचा, तर तो पाठ असल्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून लहानपणी उजळणी होई. पाढ्यांच्या जोडीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेतल्या जात. मुलगा गादीवर आला की मुनीम त्याला बाजाराच्या किल्ल्या देत. ‘जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर’ ही त्यांतलीच एक. मणाचा सोळावा भाग अडीच शेर आणि रुपयाचा सोळावा भाग आणा, म्हणून ती अचूक लागू पडे.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि मीटर आले. संक्रमणाच्या त्या काळातही गल्ल्यावर कमी कुरबुरी झाल्या नाहीत. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैशाचे नाणे तर नव्हतेच! एका आण्याचे सहा पैसे धरले, तर चार वेळा एकेक आण्याची खरेदी करणाऱ्याचे चोवीस पैसे होत आणि एकदम चार आण्यांची खरेदी करणाऱ्याचे पंचवीस. तथापि नवी पद्धत सोपी होती, आणि ती स्वीकारली हे योग्यच झाले. विचित्र गोष्ट अशी की हिशेब सोपा झाला आणि हिशेब शिकविण्याची शिस्तच सुटली. सोपे आहे, ते आपोआप येईल, असे सर्वांनी गृहीत धरले. पुढे हिशेबाची यंत्रे स्वस्त झाली आणि ते गृहीतकही तपासावेसे कोणास वाटले नाही.

जुने ते सर्व सोने होते, असे म्हणण्याचा आमचा आशय नाही. जुन्या कोष्टकांत पारंगत असलेल्यांनी आपले ज्ञान अडाणी गिऱ्हाइकाच्या हिताकरिताच वापरले, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. दशमान पद्धतीने सामान्य माणसाच्या हाती हिशेब दिला, हा तिचा मोठा उपकार आहे. आमचे म्हणणे एवढेच की तो हिशेब हाती ठेवावयाचा, तर त्याचा सराव हवा.

या बाबतीत शाळांना दोष देण्याची आपल्याकडे प्रथा आहे, आणि त्यात काही तथ्यही आहे. ‘प्रथम’ या संस्थेतर्फे ‘असर’ नावाची पाहणी होत असते. २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातील चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना तीन अंकी संख्येला एका अंकाने भागावयास सांगितले होते. ते ४३ टक्क्यांहून थोड्याच अधिक जणांना जमले. हीच मुले उद्या आपल्या गल्ल्यावर बसणार आहेत.

परंतु याहून विचारात पाडणारी गोष्ट २०२५ साली ‘नेचर’ या विख्यात शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नोबेल पारितोषिकाचे मानकरी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास केला. ही मुले भाजीपाल्याचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करीत आणि मोडही अचूक देत; मात्र तीच क्रिया पुस्तकी रीतीने कागदावर मांडून दिली की त्यांतली बरीचशी अडखळत. उलट शाळेत जाणाऱ्या आणि बाजाराचा अनुभव नसलेल्या मुलांना पुस्तकातली गणिते पुष्कळ बरी येत. पण बाजारातल्या खरेदीचे जे उदाहरण कामकरी मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांनी सोडविले, ते त्यांच्यापैकी शंभरांत जेमतेम एकाला सुटले.

लहान मुलांनी बाजारात राबावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याचा आपल्यापुरता अर्थ असा की शाळेतले गणित आणि गल्ल्यावरचे गणित ही दोन निराळी वळणे आहेत, आणि एक आले म्हणून दुसरे आपोआप येत नाही. तेव्हा पदवीधर मुलगा नोकरीस ठेवला आणि त्याला आठ रुपये सुटे घेऊन चाळीस परत देता आले नाहीत, तर त्यात नवल नाही आणि त्याचा अपराधही नाही. गल्ल्यावरचे गणित त्याला कोणी शिकविलेच नाही. ते शिकविण्याचे काम पूर्वी दुकान करीत असे. आता दुकान ते करीत नाही. दोष शोधावयाचा असेल, तर तो आपण आपल्याच गादीजवळ शोधला पाहिजे.

व्यापाऱ्यांनी स्वतः हिशेब शिकविण्याची सोय करावी, ही कल्पना नवी नाही. इ. स. १२०२ मध्ये पिसा नगरीच्या लिओनार्डोने भारतीय अंक आणि त्यांवरील हिशेबपद्धती युरोपास समजावून देणारा ग्रंथ लिहिला आणि त्यात वस्तूंचे भाव, नाण्यांची अदलाबदल, भागीदारी यांची उदाहरणे घातली. पुढे इटलीच्या व्यापारी शहरांत हिशेबाच्या निराळ्या शाळाच निघाल्या आणि व्यापाऱ्यांची मुले तेथे जाऊ लागली. त्या आधी सुमारे साडेतीन शतके, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला होता. लौकिक व्यवहारापासून पाकशास्त्र आणि वास्तुशास्त्रापर्यंत गणित कोठे कोठे लागते, हे त्यांनी आरंभीच सांगितले आहे. आणि व्याज, भागीदारी, सोन्याचा कस यांची उदाहरणे तर आपल्या सराफ्यात आजही ओळखीची वाटतील. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह सोलापूरहून १९६३ साली प्रसिद्ध झाला. ज्या नगरीवरून प्राचीन ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेखा धरली, त्या नगरीत बसून आपण साध्या वजाबाकीस अडावे, हे शोभादायक नव्हे.

यावर कोणी म्हणेल, “आता यंत्र आहे, मोबाइलवरून पैसे येतात, मोड देण्याचा प्रसंगच किती येतो? मग तोंडी हिशेबाचा हा आग्रह कशाला?” प्रश्न रास्त आहे. यंत्र वापरू नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वेगाने आणि न थकता आकडेमोड करणारा तो उत्तम सेवक आहे. परंतु सांगितलेला आकडा योग्य की अयोग्य, हे त्याला कळत नाही. साडेचारशेच्या ठिकाणी पाचशे चाळीस टाकले, तर ते तितक्याच निष्ठेने पाचशे चाळीस मागते. गिऱ्हाइकाच्या खात्यातून नव्वद रुपये अधिक जातात, ते घरी गेल्यावर त्याच्या लक्षात येते, आणि मग दूरध्वनी, विनवण्या आणि मनस्ताप यांना सुरुवात होते. बाहेरगावचे गिऱ्हाईक तर परत येतच नाही. ते आपल्या गावी जाऊन काय सांगत असेल, हे आपल्या कानी येत नाही एवढेच. जुन्या मुनिमांना यावर एक खूण ठाऊक होती. रोजमेळात येणारा फरक नऊने निःशेष भागला गेला, तर बहुधा कोठे तरी दोन अंकांची अदलाबदल झाली आहे, असे समजून ते शोध घेत. वरच्या उदाहरणातले नव्वद नऊने भागून पाहा! यंत्र आल्याने ही खूण निरुपयोगी झालेली नाही, उलट अधिक उपयोगाची झाली आहे.

याहूनही महत्त्वाचा मुद्दा नीतीचा आहे. कमी-अधिक मापाने देणे-घेणे, म्हणजे ‘हीनाधिकमानोन्मान’, हा अचौर्य व्रताचा अतिचार म्हणून आपल्या शास्त्रांनी सांगितला आहे. जाणूनबुजून केलेली लबाडी आणि अज्ञानाने झालेली चूक यांत कर्त्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, हे खरे. परंतु गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पाहिले, तर त्याच्या खिशातून गेलेले एकशेवीस रुपये लबाडीने गेले की अज्ञानाने, हे त्याला कसे कळावे? तराजूचा काटा आपण वेळच्या वेळी तपासून घेतो, त्यावर शिक्का मारून घेतो. हिशेब करणारे माणूस हाही दुकानाचा एक तराजूच आहे. त्याची तपासणी आपण करीत नसू, तर सचोटीचा आपला दावा अर्धाच राहतो.

आता उपाय. ते अल्प खर्चाचे आहेत आणि कोणासही करता येण्याजोगे आहेत.

पहिला उपाय मोड देण्याच्या रीतीचा. एकशे अडुसष्टची खरेदी आणि दोनशेची नोट असेल, तर वजाबाकी न करता वर मोजीत जावे : दोन दिले, एकशे सत्तर झाले, तीस दिले, दोनशे झाले. हे मोठ्याने म्हणावे, म्हणजे देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची खात्री एकाच वेळी होते.

दुसरा उपाय, यंत्रास हात लावण्यापूर्वी अदमास घेण्याचा. पावणेतीन मीटर म्हणजे तिनाच्या आत, म्हणून रक्कम सातशेवीसच्या आतच असली पाहिजे, एवढे मनाशी धरले तर सातशे ऐंशी हा आकडा दिसताच हात थांबेल.

तिसरा उपाय शेकड्याचा. दहा टक्के काढणे म्हणजे एक स्थान मागे येणे. आठशे साठचे शहाऐंशी. त्याचे निम्मे त्रेचाळीस, ते पाच टक्के. दोन्ही मिळून एकशे एकोणतीस, ते पंधरा टक्के. एवढ्यावर बहुतेक सुटींचा हिशेब भागतो.

चौथा उपाय नव्या किल्ल्यांचा. जितके रुपये किलो, तितके पैसे दहा ग्रॅम. मंडीत क्विंटलचा जो भाव, त्याचे शेवटचे दोन अंक मागे टाकले की किलोचा भाव : सव्वीसशे चाळीस रुपये क्विंटल म्हणजे सव्वीस रुपये चाळीस पैसे किलो. जुन्या किल्ल्या मण-शेरांबरोबर गेल्या. त्यांच्या जागी या सोप्या किल्ल्या मुलांच्या हाती कोणी तरी दिल्या पाहिजेत.

हे सर्व शिकविण्यास आठवड्यातला अर्धा तास पुरे आहे. दुकान उघडण्यापूर्वी मालकाने अथवा घरातील एखाद्या वडीलधाऱ्याने नोकरांस जवळ बसवावे आणि आपल्याच दुकानातील मालाची, आपल्याच भावांची दहा उदाहरणे घालावीत. पुस्तकातली घालू नयेत. बाजाराचा अनुभव आणि वर सांगितलेले संशोधन दोन्ही हेच सांगतात. आपल्या घरातील मुलामुलींनीही सुटीच्या दिवशी तासभर गल्ल्याशेजारी बसावे. ज्या घरांत भगिनी महिन्याचा जमाखर्च स्वतः लिहितात, त्या घरांतील मुलांना ही दृष्टी लवकर येते, हे आपण पाहतोच. आणि एक पथ्य सर्वांनी पाळावे : चूक झाली, तर गिऱ्हाइकासमोर मुलाला टाकून बोलू नये. चूक तत्काळ दुरुस्त करावी, क्षमा मागावी आणि शिकवावयाचे ते मागाहून शिकवावे. अपमानित झालेला मुलगा पुढच्या वेळी विचार करीत नाही, तो यंत्राआड लपतो.

संघटनेस एक नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो. सिंहस्थापूर्वी संघटनेने एक लहानसा तक्ता छापून प्रत्येक सभासदाच्या गल्ल्याशी लावावयास द्यावा. त्यावर पाव, सव्वा, दीड, पावणे, अडीच यांचे अर्थ मीटर, सेंटिमीटर, किलो आणि ग्रॅममध्ये असावेत. एक ते शंभर आकड्यांची नावे हिंदीत व मराठीत शेजारी शेजारी असावीत. आणि वर सांगितलेल्या किल्ल्या खाली असाव्यात. खर्च फार येणार नाही. दूरदूरच्या गावांहून आलेल्या यात्रेकरूंचा हिशेब आपल्या बाजारात चोख झाला आणि तो त्यांना समजेल अशा भाषेत सांगितला गेला, तर त्याचे श्रेय आपणा सर्वांस मिळेल. येत्या वर्षात या कार्यास हात घालावा, ही सर्व सभासद बंधुभगिनींस विनंती.